एका कोंबाचें झाड

जुन्या घराची आठवण निघाली म्हणजे कोणाला ओटी आठवते, कोणाला परसांतील विहीर, तर कोणाला माजघरांतला झोपाळा. मला प्रथम आठवतो तो आमच्या न्हाणीमागचा माड. भिवंडीच्या जुन्या वस्तींत आमचें कौलारू घर होतें. एका अंगास यंत्रमागांची रात्रंदिवस खडखड चाललेली, तर दुसऱ्या अंगास कामवारी नदीकडे उतरत गेलेलीं भाताचीं खाचरें. या दोहोंच्या मध्यें तो उभा होता. आजी लग्न होऊन या घरीं आली, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं तिनें तो लावला होता, आणि न्हाणीचें पाणी लहानशा पाटानें त्याच्या बुंध्याशीं नेऊन सोडलें होतें. घरांतील माणसें स्नान करीत, आणि त्यांच्या नकळत माड पाणी पीत असे. याहून अधिक अशी त्याची विचारपूस कोणी केल्याचें मला स्मरत नाहीं. तरी वर्षभर घरांत नारळ विकत आणावा लागत नसे.

हा माड माझ्या हातून मेला. ती गोष्ट शाळेच्या या वार्षिकांत लिहिण्याचें कारण असें कीं, माझा नातू या शाळेंत शिकतो, आणि त्याच्या सोबत्यांच्या दारोदारीं हल्लीं ताडाच्या कुळांतलीं झाडें हौसेनें लावलेलीं मी पाहतों. हौस चांगली आहे. परंतु हौसेला माहितीची जोड नसली म्हणजे काय होतें, हें मीं एकदां भोगलें आहे.

१९७८ सालच्या वैशाखांत माझ्या थोरल्या बहिणीचें लग्न झालें. मीं नुकतीच शालान्त परीक्षा दिली होती, आणि मंडपाची व रोषणाईची कामगिरी मोठ्या ऐटीनें स्वतःकडे घेतली होती. माडाच्या खालच्या झावळ्या मंडपावर ओथंबून आल्या होत्या. त्या मला गबाळ्या दिसल्या. एका मुलाच्या हातीं कोयता देऊन मीं त्याला वर चढविलें आणि सुक्या झावळ्यांबरोबर हिरव्याही उतरवून घेतल्या. शेंड्याला सातआठ उभ्या झावळ्या तेवढ्या राहिल्या. चढण्यास सोपें जावें म्हणून त्या मुलानें खोडाला जागोजाग खाचा पाडल्या. मीं त्याला अडविलें नाहीं. पुढें दिव्यांच्या माळा बांधण्यासाठीं मीं आपल्या हातानें पांच पांच इंचांचे खिळे खोडांत ठोकले. लग्नाच्या रात्रीं माड नखशिखान्त झगमगत होता. पाहुण्यांनीं माझें कौतुक केलें. दादांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, एकदां वर पाहिलें आणि ते कांहीं न बोलतां पाहुण्यांच्या पंगतीकडे वळले.

झावळीच्या देठावर नारळांचा घड टेकलेला असतो. तो आधार गेल्यामुळें घड लोंबूं लागले, आणि पहिल्याच वादळी पावसांत कोंवळे नारळ अंगणभर पडले. श्रावणांत बोंडें गळूं लागलीं. भाद्रपदांत खिळ्यांच्या भोंकांतून तपकिरी, चिकट रस झिरपूं लागला आणि खाचांतून चावलेल्या काथ्यासारखा भुसा बाहेर येऊं लागला. पावसाळ्यांत असें होत असेल, अशी मीं आपली समजूत करून घेतली. दिवाळीच्या सुमारास शेंड्याचा मधला कोंब कलला. भाऊबिजेला आगाशीहून मामा आले. त्यांची स्वतःची नारळाची वाडी. आल्या आल्या त्यांची नजर वर गेली. चहा तसाच ठेवून ते उठले, माडाला कान लावून उभे राहिले आणि मला हांक मारून म्हणाले, “इकडे ये. ऐक.”

मीं कान लावला. आंत बारीक करकर चालली होती. जणूं कोणी ओली लांकडें दांतांनीं चावीत होतें.

“सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत,” मामा म्हणाले. “तुझ्या खिळ्यांनीं त्यांना दार उघडून दिलें. अरे, माडाला एकच डोकें असतें. तें आंतून खाऊन झालें आहे.” शिडी लावून त्यांनीं मधला कोंब धरून ओढला, तों तो अलगद त्यांच्या हातांत आला, बुडाशीं कुजलेला, आणि दुर्गंधी अशी कीं जवळ उभें राहवेना. आतां काय करावें, असें मीं विचारिलें. “तोडायचा, फोडायचा आणि जाळायचा. नाहीं तर शेजाऱ्यांचे माडही जातील,” एवढेंच ते बोलले.

माड तोडला गेला. दादा मला एका शब्दानें रागावले नाहींत. आजी मात्र तांदूळ धुतलेलें पाणी घेऊन रोज त्या बुंध्यापाशीं जाई आणि तें तेथेंच ओती. मीं एकदां तिला म्हटलें, “आजी, माड आतां नाहीं ना!” ती म्हणाली, “मला ठाऊक आहे रे. पण मग पाणी ओतायचें कुठें?” दादांच्या मौनापेक्षां आणि मामांच्या बोलण्यापेक्षां हा प्रश्न मला अधिक लागला. पुढच्या दोन सुट्ट्या मी आगाशीस मामांच्या वाडींत काढल्या. तेथें जें शिकलों, आणि त्यानंतर वाचून व अनुभवानें त्यांत जी भर पडली, तें थोडक्यांत सांगतों.

आंबा, फणस, वड यांच्या सालीखालीं एक जिवंत थर असतो. त्यानें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें, आणि जखम झाली तर हाच थर ती हळूहळू बुजवितो. फांदी तोडली तर खोडावरचे निजलेले डोळे जागे होऊन नवी पालवी फुटते. माडाचें खोड आडवें कापून पाहावें. त्यांत वर्षावर्षांचीं वर्तुळें दिसत नाहींत, दोऱ्यांचीं टोकें विखुरल्यासारखे शेंकडो ठिपके दिसतात. तो भरून काढणारा थर तेथें नाहींच. त्यामुळें माडाला दहाव्या वर्षीं पडलेली खांच साठाव्या वर्षींही तशीच उघडी असते. शिवाय माडाची वाढ होण्याचें ठिकाण एकच. शेंड्याच्या पोटांत, झावळ्यांच्या वेष्टणांत जपलेला कोंब. तो गेला कीं खोड कितीही धडधाकट दिसो, झाड संपलें. नारळ, पोफळ, ताड या एकखोडी झाडांना हाच नियम लागू आहे. या कुळांत जगभर २५०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं मादागास्करहून आलेल्या अरेका पामसारख्या कांहीं बेटानें वाढतात. त्यांचें एक खोड मेलें तरी बेट जगतें. पण आपल्या अंगणांतील उंच झाडांना ही सवलत नाहीं.

या गोष्टीचें भयंकर प्रत्यंतर ३ जून २०२० रोजीं आलें. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वादळांत मोडलेल्या आंब्याला पुन्हां पालवी फुटण्याची आशा असते. शेंडा मोडलेल्या पोफळीला ती नाहीं. बागाईतदारांना रोपापासून पुन्हां आरंभ करावा लागला, आणि पोफळ फळावर यावयास कित्येक वर्षें जातात. आणि आमचा माड खाणारा सोंड्या भुंगा तरी किती दूर गेला! मूळचा हा आपल्या दक्षिण आशियाच्या बाजूचा किडा; १९८० नंतरच्या दशकांत तो आखाती देशांच्या खजुरांत शिरला आणि तेथून भूमध्य समुद्राच्या कांठच्या बागांपर्यंत पोंचला. हौसेनें एका देशांतून दुसऱ्या देशांत नेलेल्या झाडांबरोबर हा पाहुणाही गेला.

आतां निवडीविषयीं. झाड लावतांना लोक जमिनीवरची जागा पाहतात; ताडकुळांतील झाड लावतांना आधीं वर पाहावें. विजेच्या तारा, गच्चीचा कठडा, शेजाऱ्यांचीं कौलें हीं सारीं पंचवीस वर्षांनंतर झाडाच्या वाटेंत यावयाचीं असतात. दुसरीं झाडें छाटून वळवितां येतात. हें झाड आपल्या वाटेनें सरळ वर जाणार. ही चूकही मीं करून पाहिली आहे. जुनें घर पाडून नवें बांधलें तेव्हां फाटकाच्या दोन्ही बाजूंस रॉयल पाम लावले. हें झाड मूळचें क्यूबाकडचें; दिसावयास राजवाड्याच्या खांबासारखें, परंतु उंची साठ-सत्तर फुटांपर्यंत जाते, आणि जुनें पान गळतें तें आपल्या जाड वेष्टणासकट धाडकन खालीं येतें. एके पहांटे असें एक पान शेजाऱ्यांच्या पडवीवर पडलें आणि कौलें फुटलीं. सुदैवानें पडवींत कोणी निजलें नव्हतें. दोन्ही झाडें काढावीं लागलीं. झाडाचा त्यांत कांहीं दोष नव्हता. मोठ्या पटांगणाचें झाड मीं बोळांत उभें केलें होतें.

ज्यांच्यापाशीं जागा थोडी, त्यांनीं अरेका पामचें बेट किंवा बॉटल पाम लावावा. बॉटल पाम मॉरिशसजवळच्या एका लहान बेटावरचा. बुडाशीं सुरईसारखा फुगलेला, आणि वाढतो तो सावकाश. भेरली माड आपल्याच रानांतला आणि फार देखणा आहे. मात्र पुरा वाढल्यावर तो शेंड्याकडून खालीं क्रमाक्रमानें फुलत येतो आणि तें फुलणें आटोपलें कीं मरतो. शिवाय त्याच्या फळांच्या रसानें अंगाला खाज सुटते, म्हणून लहान मुलें खेळतात तेथें तो नको. पोफळ नाजूक आहे. तिच्या खोडाला दुपारचें ऊन सोसत नाहीं. तिला माडाची किंवा घराची सावली पाहिजे. याच्या उलट माडाला भरपूर ऊन पाहिजे. सावलींत तो किडकिडीत होऊन उजेडाकडे वांकतो. ताड लावणारानें नातवंडांसाठीं लावावा, कारण फळावर यावयास त्याला बारा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षें लागतात. आणि ताडांत नर व मादी झाडें वेगळीं असल्यामुळें लावलेल्या प्रत्येक ताडाला ताडगोळे येतीलच असें नाहीं.

माझी स्वतःची निवड अखेर माडावरच येऊन थांबली. पुढें ताडाळीच्या बाजूस आम्हीं थोडी मोकळी जागा घेऊन घर बांधलें, आणि १९९९ च्या मृगांत मामांच्या वाडींतलें बाणवली जातीचें एक रोप तेथें लावलें. वर्षाच्या आंतलें, बुंधा जाड, पांच-सहा पानें असलेलें आणि पानें लवकर चिरलेलीं असें रोप मामांनीं स्वतः निवडून दिलें. उंच परंतु बारीक मानेचें रोप नेहमीं आळशी निघतें, असें ते म्हणत. ज्यांच्या ओळखीचा कोणी बागाईतदार नाहीं, त्यांनीं रत्नागिरीजवळ भाट्ये येथें १९५५ सालापासून असलेल्या नारळ संशोधन केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणचें रोप आणावें. सात वर्षें वाट पाहिल्यावर रोप हलक्या जातीचें निघालें, तर गेलेलीं वर्षें कोणी परत देत नाहीं.

दोन माडांमध्यें पंचवीस फूट अंतर सोडावें. भिंतीपासूनही चांगलें दूर ठेवावें. तीन फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन तो चांगली माती, वाळू आणि कुजलेलें शेणखत यांनीं भरावा. आमच्याकडे मुरूम व काळा दगड लवकर लागतो, म्हणून खड्ड्याच्या बाबतींत हात आंखडता घेऊं नये. जागा जुन्या खाचराची असल्यास भर घालून ती उंच करावी, कारण माडाला पाणी हवें असतें, पण तुंबलेलें पाणी नको असतें. नारळ मातींत जेमतेम झांकेल एवढेंच रोप पुरावें. पहिले दोन उन्हाळे त्यावर झावळ्यांची सावली करावी. पहिलीं कांहीं वर्षें माड उंच होत नाहीं, तेव्हां पुष्कळांचा धीर सुटतो. वास्तविक या काळांत तो आपला बुंधा रुंद करीत असतो. पुढें तो जाड होणार नसल्यामुळें पायाची सारी रुंदी त्याला आधींच सांठवावी लागते.

भिवंडींत पावसाळ्यांत पाण्याची वाण नसते; खरी परीक्षा माघापासून ज्येष्ठापर्यंतची. मोठ्या माडाला त्या दिवसांत रोज ४० ते ५० लिटर पाणी लागतें. पूर्वीं न्हाणीचा पाट हें काम आपोआप करी. आतां मोऱ्यांचें पाणी बंद गटारांत जातें आणि दारचा माड तहानेला राहतो. बुंध्यापासून पांच-सहा फुटांपर्यंत गोल आळें करावें, कारण माडाचीं बहुतेक कामकरी मुळें त्या परिघांत पसरलेलीं असतात. आळ्यांत नारळाचीं सोडणें अंथरलीं तर ओल टिकते. पांच वर्षांवरील माडास वर्षाकांठीं ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो यूरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि २ किलो पोटॅश द्यावें. शेणखत व फॉस्फेट पावसाच्या आरंभीं एकदम, आणि बाकीचीं दोन जून, ऑक्टोबर व फेब्रुवारी अशा तीन वेळीं विभागून घालावीं. पहिल्या वर्षीं याचा पांचवा हिस्सा पुरे, आणि मग दरवर्षीं तितकीच वाढ करावी. जुनीं माणसें माडाच्या बुडाशीं मीठ टाकीत, तेव्हां आम्ही हंसत असूं. परंतु मिठांतील क्लोरिन हें माडाचें खरोखर एक अन्न आहे, आणि समुद्रापासून दूरच्या जमिनींत त्याची उणीव भासूं शकते. म्हाताऱ्यांना कारण सांगतां आलें नाहीं म्हणून त्यांची रीत चुकीची ठरत नाहीं.

शत्रू मुख्यतः तीन. गेंड्या भुंगा मिटलेल्या कोंबाला भोंक पाडतो, आणि पान उघडलें म्हणजे कात्रीनें त्रिकोणी कापल्यासारखें दिसतें. तारेच्या आंकड्यानें भुंगा ओढून काढावा आणि वरच्या झावळ्यांच्या बगलेंत वाळू व निंबाची पेंड भरावी. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यांत वाढतात. तो खड्डा वरचेवर उपसून अळ्या वेंचल्या तर अर्धें काम तेथेंच होतें. दुसरा सोंड्या भुंगा. त्याला जखमेचा वास आकर्षून घेतो. म्हणून खोडाला जखम होऊंच न देणें हा त्यावरचा पहिला उपाय. तिसरा शत्रू कोंब कुजण्याचा रोग; हा पावसाळ्यांतला. मधलें पान फिकें पडून कलूं लागलें कीं त्याच आठवड्यांत वर माणूस चढवावा, कुजलेला भाग खरवडून काढावा, आणि १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यांत मिसळून केलेला मलम लावावा. वेळेवर केलें तर माड वांचतो. मीं १९७८ सालीं भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत जी वाट पाहिली, ती पाहूं नये.

आणि झावळ्या? माडाला महिन्यास एक नवी झावळी येते. ती अडीच-तीन वर्षें झाडावर राहते, आणि तिच्या बगलेंतून एक पोय निघते. निरोगी माडाच्या डोक्यावर तीस ते पस्तीस झावळ्या असतात, आणि तेवढ्यांनीं मिळून तो आपलें अन्न शिजवीत असतो. हिरवी झावळी तोडणें म्हणजे चुलीवरचें भांडें उतरवून ठेवणें होय. जी पूर्ण सुकली आणि ओढल्याबरोबर सुटते, तीच काढावी. हिरव्या झावळ्या उतरविल्या म्हणजे झाड वाऱ्यांत तगतें, ही समजूत देशोदेशीं आहे. आणि ती खोटी आहे.

१९९९ च्या त्या माडाला सातव्या वर्षीं पहिली पोय आली. तोंवर आजी राहिली नव्हती. पहिला नारळ दादांच्या हातीं दिला. त्यांनीं तो हालवून पाण्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, “चांगला भरला आहे.” अठ्ठावीस वर्षांत त्या विषयावर ते माझ्याशीं बोललेलें हें एकच वाक्य.

गेल्या दिवाळींत मी बाहेर आलों तों माझा नातू दिव्यांची माळ, चार खिळे आणि हातोडी घेऊन माडापाशीं उभा होता. मी ओरडलों नाहीं. जवळ जाऊन त्याचा कान खोडाला लावला आणि विचारलें, “काय ऐकूं येतें?”

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, कांहींच नाहीं.”

मग मीं त्याला जुन्या माडाची हकीकत सांगितली. खिळे कोणीं ठोकले हें न लपवितां. तो कांहीं बोलला नाहीं. हातोडी ठेवून आंत गेला आणि काथ्याची दोरी घेऊन आला. माळ आम्ही दोघांनीं मिळून दोरीनें बांधली, आणि तुळशीचें लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेंत जाण्यापूर्वीं त्यानें ती आठवणीनें सोडून ठेविली.